‘स्वयंशिक्षित’ ही संज्ञा आणि एका यंत्राचे दोन वापर

कलावंताच्या परिचयात ‘स्वयंशिक्षित’ हे विशेषण आले की टीकाकाराचे निम्मे काम झाले, असा एक समज दिसतो. गुरू नाही, पाठशाळा नाही, ग्रंथ नाही, आणि तरीही कृती आहे, एवढे सांगितले म्हणजे कृतीचे स्वरूप उलगडले असे मानले जाते. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या बाबतीत तर हे विशेषण इतके सरसकट योजले जाते की ते कोणाला लागू पडत नाही हेच शोधावे लागेल. या संगीताच्या कर्त्याला ‘प्रोड्यूसर’ म्हणतात. मराठीत ‘निर्माता’ या शब्दाला चित्रपटव्यवसायामुळे भांडवल पुरवणाऱ्याचा अर्थ चिकटला आहे. येथे मात्र रचनाकार, वादक आणि ध्वनिमुद्रक हे तिघेही एकाच व्यक्तीत, बहुधा एकाच खोलीत बसलेले असतात. म्हणून मूळ शब्दच ठेवणे सोयीचे. हा प्रोड्यूसर शिकतो कसा आणि कोणापासून, हा प्रश्न ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाने सुटत नाही. उलट तो झाकला जातो, आणि त्या झाकण्यातून टीकेत दोन ठळक अन्याय झाले आहेत.

भाषाभ्यासकाला या शब्दाविषयी संशय येण्याचे कारण सरळ आहे. मूल मातृभाषा शिकते तेव्हा त्याला कोणी व्याकरण शिकवत नाही. तथापि त्या मुलाला कोणी ‘स्वयंशिक्षित मराठी भाषक’ म्हणत नाही. शिक्षक नसला तरी भाषक समाज असतो. मूल बोलते आणि त्याला उत्तर मिळते, किंवा मिळत नाही. पाणी मागितल्यावर पाणी आले, तर उच्चार साधला. व्याकरण पुस्तकात नसते तेव्हा ते या उत्तरांत असते. तेव्हा ‘गुरू नव्हता’ हे विधान अपुरे आहे. ‘उत्तर कोण देत होते’ हे विचारले पाहिजे. एकलव्याची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. पण त्याने मातीचा का होईना गुरू उभा केला होता, आणि त्याच्या विद्येची पहिली परीक्षा झाली ती भुंकणाऱ्या कुत्र्यावर, हे कथेतले तपशील सांगणारे सहसा विसरतात.

या चर्चेसाठी एक यंत्र आणि त्याचे दोन वापर निवडता येतात. जपानमधील रोलँड कंपनीने १९८१ च्या अखेरीस ‘टीबी-३०३’ नावाची एक लहान रुपेरी पेटी बाजारात आणली. तिचे आराखडाकार तादाओ किकुमोतो. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची, म्हणजे मंद्र स्वरांची, साथ मिळावी हा तिचा उद्देश. तिच्यावर एका सप्तकाच्या तेरा कळा आहेत. परंतु त्या वाजवण्यासाठी नव्हेत, स्वर नोंदवण्यासाठी. सोळा मात्रांपर्यंतची एक पंक्ती तीत भरून ठेवता येते. भरण्याची रीत मोठी विचित्र आहे. आधी सर्व स्वर ओळीने नोंदवावयाचे, नंतर पुन्हा आरंभापासून कोणत्या मात्रेवर स्वर आहे व कोणती मात्रा रिकामी आहे ते वेगळे नोंदवावयाचे. एखाद्या कवीने सर्व अक्षरे आधी लिहावीत आणि ऱ्हस्वदीर्घ मागाहून बसवावे, तसा हा प्रकार. स्वरावर आघात देण्याची आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही त्यात आहे. वरच्या बाजूस फिरवावयाच्या बटणांची एक रांग आहे. नादातील वरचे उपस्वर किती गाळावेत, गाळण्याच्या सीमेवरील उपस्वर किती उठावदार करावेत, नाद किती लवकर विरावा, हे त्या बटणांनी ठरते.

गिटारवादकांना हा साथीदार पसंत पडला नाही. त्याचा आवाज बास गिटारसारखा नव्हता, आणि स्वर भरण्याची कटकट सरावाच्या आनंदापेक्षा मोठी होती. सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाल्यावर १९८४ मध्ये उत्पादन थांबले आणि ही पेटी जुन्या वाद्यांच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. व्यावसायिक वादकांनी तिचा वापर केलाच नाही असे मात्र नव्हे. स्कॉटलंडच्या ‘ऑरेंज ज्यूस’ या वाद्यवृंदाचे ‘रिप इट अप’ हे १९८३ मध्ये लोकप्रिय झालेले गाणे तिच्याच मंद्र स्वरांवर उभे आहे. परंतु तेथे ती नेमून दिलेले काम करते. तिने बास वाजवावा आणि तिच्यावर गायकाने गावे.

शिकागोतील प्रसंग याच्या पुढचा. नेथन जोन्स (डीजे पिअर), अर्ल स्मिथ (स्पँकी) आणि हर्बर्ट जॅक्सन हे तीन कृष्णवर्णी तरुण ‘फ्यूचर’ या नावाने एकत्र आले. स्मिथने ही पेटी जुन्या बाजारातून घेतली होती. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, तालयंत्राच्या ठेक्यावर पेटीतील एक पंक्ती चालू होती आणि जोन्स वरची बटणे फिरवू लागला. पंक्ती तीच राहिली. नाद मात्र कधी चिखलात रुतल्यासारखा, कधी किंचाळल्यासारखा बदलत गेला. स्मिथने त्याला थांबू नको असे सांगितले. त्यातून जी रचना झाली तिची फीत ‘म्युझिक बॉक्स’ या नृत्यगृहात रॉन हार्डी या डीजेकडे गेली. त्याने ती एका रात्रीत चार वेळा वाजवल्याचे सांगतात. प्रथम लोक गोंधळले, फरशी रिकामी झाली. चौथ्या वेळी तेच लोक बेभान झाले. मार्शल जेफर्सनच्या साहाय्याने ती रचना ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केली. अकरा मिनिटांहून अधिक चालणाऱ्या या ध्वनिमुद्रिकेवरून ‘ॲसिड हाउस’ या शैलीस नाव व रूप मिळाले.

या प्रसंगाचे रूढ निरूपण असे : मुलांना यंत्राची माहितीपुस्तिका मिळाली नव्हती, त्यामुळे त्यांनी बटणे वाटेल तशी फिरवली, आणि अपघाताने एक शैली जन्मली. हा टीकेतील पहिला अन्याय होय. बटणे वाटेल तशी फिरवणारे हजारो असतील. त्या आवाजातून ‘हे ठेवण्याजोगे आहे’ असा निर्णय करणारा कान ही निराळी गोष्ट आहे. जोन्स त्यापूर्वीपासून ध्वनिमुद्रिका वाजवणारा होता. हार्डीच्या फरशीवर कोणते नाद चालतात, किती वेळ पुनरावृत्ती सहन होते आणि कोठे ती सुखाची होते, हे त्याने तेथे उभे राहून ऐकले होते. तानसेन होणे साधले नाही तरी कानसेन व्हावे, असे आपल्याकडे सांत्वनादाखल म्हणतात. शिकागोत कानसेन होणे हीच तालीम होती. मार्शल जेफर्सनने त्याच यंत्राचा वापर करून केलेले ‘आय हॅव लॉस्ट कंट्रोल’ १९८६ मध्येच स्लीझी डी या नावाने प्रसिद्ध झाले होते, ही गोष्टही अपघाताच्या कथेला अडचणीची आहे. एकाच शहरात, एकाच फरशीसाठी काम करणारे लोक एकाच दिशेने चाचपडत असतील, तर त्याला अपघात म्हणण्यापेक्षा बोलीभेद घडणे म्हणावे.

मग माहितीपुस्तिका नसल्याने काहीच घडले नाही काय? घडले, परंतु ते नेमके काय, हे सांगण्यास वर्णविचारातील एक कल्पना उपयोगी पडते. मराठीत अल्पप्राण व महाप्राण हा भेद अर्थभेदक आहे; ‘कर’ आणि ‘खर’, ‘पळ’ आणि ‘फळ’ हे भिन्न शब्द होतात. इंग्रजीतही ‘पिन’ म्हणताना आरंभीचा ‘प’ प्राणयुक्त असतो आणि ‘स्पिन’ म्हणताना नसतो, पण इंग्रज भाषकाच्या तो लक्षातही येत नाही, कारण त्याच्या भाषेत या फरकावर कोणताच अर्थभेद अवलंबून नाही. भाषा शिकणे म्हणजे ऐकू येणाऱ्या असंख्य फरकांतून कोणते अर्थभेदक आणि कोणते केवळ उच्चारातले, हे ठरवणे. मूल हे कोणी न सांगता ठरवते. परंतु ते ठरवते ते मिळणाऱ्या उत्तरांवरून.

आपल्या संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन धर्म सांगतात : लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जात. नादाची जात म्हणजे सतारीचा षड्ज आणि सारंगीचा षड्ज यांतला फरक. रागसंगीतात उंचनीचपणा हा अर्थभेदक आहे. शुद्ध गंधाराच्या जागी कोमल आला तर भूप उरत नाही. जात मात्र अर्थभेदक नाही. यमन सरोदवर वाजवला काय आणि बासरीवर वाजवला काय, यमनच राहतो. पाश्चात्त्य लोकप्रिय गीतांतही मोठ्या प्रमाणावर हीच व्यवस्था आहे, आणि ३०३ च्या आराखडाकारांनीही तीच गृहीत धरली होती : स्वर कळांनी नोंदवावेत, आणि नादाची जात एकदा बटणांनी पसंतीप्रमाणे लावून सोडून द्यावी, जसा तंबोरा मैफलीच्या आरंभी लावतात.

‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये ही व्यवस्था नेमकी उलटी झाली आहे. स्वरपंक्ती आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ अचल आहे. तिला अर्थ नाही, ती केवळ वाहक आहे. सगळे कथन नादाच्या जातीत घडते. उपस्वर गाळले जातात तेव्हा ताण, सुटतात तेव्हा सुटका. ज्याला स्वरांतच अर्थ शोधण्याची सवय आहे त्याला अकरा मिनिटांत काहीच घडले नाही असे वाटेल. महाप्राण न ऐकू येणाऱ्या परकीयास ‘कर’ आणि ‘खर’ सारखेच वाटावेत, तसे. हार्डीच्या श्रोत्यांची पहिली प्रतिक्रिया ही बहुधा याच जातीची होती, आणि चौथ्या वेळेपर्यंत त्यांनी नवा भेद ऐकण्यास आरंभ केला होता. एका रात्रीत एका समाजाने एक नवे भेदक लक्षण आत्मसात करावे, असे उदाहरण भाषेच्या इतिहासात मिळणार नाही, संगीतात मिळते. पुस्तिका नसण्याचा लाभ झाला असेल तर तो एवढाच, की कोणता धर्म अर्थभेदक मानावा याविषयीचे आराखडाकारांचे गृहीत त्या तरुणांपर्यंत पोहोचले नाही. पुढचे काम कानांनी आणि फरशीने केले.

याच यंत्राचा दुसरा वापर मुंबईत झाला, आणि तोही आधी. चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत गिटार व इतर वाद्ये वाजवणारे अनुभवी वादक. १९८० मधील ‘कुर्बानी’नंतर चित्रपटसंगीतात डिस्कोची लाट आली होती. त्या ठेक्यावर काही निराळे करून पाहावे या हेतूने त्यांनी रोलँडचे ‘ज्युपिटर-८’, ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आणि ३०३ ही पेटी एकत्र जोडून घरी सराव केला, आणि १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका एचएमव्हीकडून निघाली. ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस, बैरागी असे दहा राग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटे. ती नवी यंत्रे एका लयीत बांधण्याची विद्या त्यांनी घरीच, स्वतःच हस्तगत केली. या अर्थाने सिंगही स्वयंशिक्षितच. ही ध्वनिमुद्रिका त्यावेळी फारशी खपली नाही व विस्मृतीत गेली. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ने तिचे पुनःप्रकाशन केले, तेव्हा युरोपातील श्रोते चकित झाले. काहींना ती कोणा आधुनिक प्रोड्यूसरने रचलेली लबाडी वाटली. बाकीच्यांनी सिंगांना ‘ॲसिड हाउसचा पहिला जनक’ ठरवले.

हा दुसरा अन्याय, आणि गौरवाच्या वेषात आल्यामुळे तो ओळखणे अवघड आहे. दोन भाषांत एखादा शब्द सारखा ऐकू आला म्हणून त्या भाषांचे कूळ एक ठरत नाही. नियमित संवाद दाखवावा लागतो. शिकागोच्या तरुणांनी ही ध्वनिमुद्रिका ऐकली होती असे मानण्यास कोणताही आधार नाही. दोहोंतील साम्याचे स्पष्टीकरण निराळे आहे : दोघांनीही एकाच तिसऱ्या भाषेतून, म्हणजे त्या रुपेरी पेटीतून, उसनवारी केली. उसना शब्द तोच असला तरी ज्या भाषेत तो येतो तिच्या व्याकरणाप्रमाणे तो चालतो. ‘टेबल’ मराठीत नपुंसकलिंगी होऊन त्याची ‘टेबले’ होतात. इंग्रजीला त्याचा पत्ता नसतो.

सिंगांच्या ध्वनिमुद्रिकेचे व्याकरण रागाचे आहे, हे कोणताही तुकडा सावकाश ऐकल्यास कळते. तिच्यात नादाची जात मधून मधून हलते. ३०३ चा तो ओळखीचा चिकट आवाज आहेच. परंतु रचना पुढे सरकते ती स्वरांनी. वरच्या यंत्रावर रागाचा विस्तार चालतो, स्वरांमधून घसरत जाण्याची सोय मींडेच्या जागी कामास लावलेली आहे, आणि मंद्र पंक्तीही रागाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. नृत्यसंगीतातील मंद्र पंक्ती बहुधा षड्ज-पंचमाच्या खांबांवर उभी असते. मालकंसात पंचम नाही, ललतातही नाही. शिवाय ललतात दोन मध्यम शेजारी शेजारी येतात. तेव्हा या रागांत डिस्कोच्या ठेक्याखालची पंक्ती कशी बांधावी, हा खराखुरा रचनेचा प्रश्न सिंगांपुढे होता, आणि त्याचे उत्तर त्यांना शिकागोकडून वा न्यूयॉर्ककडून मिळण्यासारखे नव्हते. ते उत्तर काढण्यास जो कान लागतो तो वाद्यवृंदांच्या कामात आणि रागांच्या सहवासात वर्षानुवर्षे तयार झालेला आहे. ‘ॲसिड हाउसचा जनक’ म्हटल्याने हा प्रश्नच दिसेनासा होतो. जे त्यांनी केले नाही त्याचे श्रेय मिळते आणि जे केले ते न ऐकलेले राहते.

ध्वनिमुद्रिका सर्वत्र सारखीच यशस्वी आहे असे नव्हे. तोडीत ती उणी पडते. तोडीचा कोमल गंधार पट्टीवरील बारा समान भागांत बसत नाही; तो किंचित उतरलेला, आंदोलित असावा लागतो, आणि यंत्राच्या पायऱ्या त्याला त्या जागी उतरू देत नाहीत. ठेका अढळ असल्यामुळे आलापाला अवकाश राहत नाही, आणि पाच मिनिटांत ललतासारख्या रागाचे केवळ रेखाचित्र निघते. भूप आणि मालकंस या पाच स्वरांच्या रागांत मात्र यंत्राची पुनरावृत्ती आणि रागाची मोजकी पावले एकमेकांना पोषक होतात. पंक्तीची सोळा घरे आणि पाच स्वर यांचा हिशोब जमतो. दहापैकी कोणते राग या चौकटीत तगले याचा शोध घेणे, ‘पहिला कोण’ या वादापेक्षा फलदायी ठरेल.

दोघांत मूलभूत फरक उत्तराचा आहे. फ्यूचरच्या फितीला त्याच रात्री चार वेळा उत्तर मिळाले. सिंगांच्या ध्वनिमुद्रिकेला भूलोकी उत्तर देणारा समाजच नव्हता : डिस्कोवर नाचणाऱ्यास राग नको होता, रागाच्या श्रोत्यास डिस्को नको होता. उत्तर अठ्ठावीस वर्षांनी आले, आणि ते ज्यांनी दिले त्यांचा कान शिकागोच्या व्याकरणात घडलेला होता. त्यांनी ललत ऐकला नाही. त्यांनी ३०३ ऐकली. डेट्रॉइटमधील हुआन ॲटकिन्स, डेरिक मे व केविन साँडरसन यांची गोष्ट याहून निराळी, तेथे रात्रीच्या रेडिओचा वाटा मोठा होता; पण त्यांनाही ऐकणारी आणि परतून बोलणारी मंडळी जवळ होती, एवढे येथे पुरे.

आजचा शिकाऊ प्रोड्यूसर या दोघांहून वेगळ्या स्थितीत आहे. १९९७ मध्ये ‘रीबर्थ’ या संगणक-प्रणालीने ३०३ आणि ८०८ पडद्यावर आणली. पाठोपाठ ‘फ्रूटीलूप्स’ आले. जुन्या पेटीची बटणे आता चित्ररूपाने मिळतात, आणि ती कशी फिरवावीत याचे धडेही सोबत मिळतात. जे भेदक लक्षण शिकागोत एका रात्रीत घडले, ते आता व्याकरणाच्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे. असा विद्यार्थी गुरूवाचून शिकतो हे खरे. पण तो मृत भाषा शिकणाऱ्यासारखा, रूपावली पाठ असलेला आणि बोलण्यास कोणी नसलेला, असण्याचा संभव अधिक. त्या मानाने महाराष्ट्रातील लहान गावांत कोळीगीतांना आणि वरातीच्या गाण्यांना नवे ठेके बसवणारे तरुण, ज्यांच्या कामाकडे विद्यापीठीय टीका फारशी वळत नाही, अधिक सुदैवी म्हणावे लागतील. त्यांचे ठेके सुबक नसतील, आवाजाच्या पातळीविषयी तक्रारी तर न्याय्यच आहेत. परंतु वरात पुढे सरकते किंवा थांबून नाचते, आणि त्यांना उत्तर तिथल्या तिथे मिळते.

पुनःप्रकाशनानंतर सिंगांनी उतारवयात युरोपातील रंगमंचांवर हे राग पुन्हा वाजवले. त्या प्रयोगांत त्यांनी रागविस्तार वाढवला की ३०३ ची बटणे अधिक फिरवली, म्हणजे नव्या श्रोत्यांच्या व्याकरणाकडे ते किती झुकले, हे उपलब्ध ध्वनिमुद्रणांवरून तपासता येईल. त्यासाठी प्रथम १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेतील दहाही मंद्र पंक्तींचे स्वरलेखन व्हावयास हवे, आणि प्रत्येक पंक्ती त्या त्या रागाच्या चलनाशी ताडून पाहावयास हवी. मालकंस आणि ललतापासून आरंभ करणे बरे. पंचम नसल्यामुळे तेथे रचनाकाराचे निर्णय सर्वांत उघडे पडतात.